गोपाळ मोहोळकर आणि सोबत पत्नी

भवानी पेठेत सकाळ व्हायची ती मागांच्या खटखटीनं. विणकरांच्या त्या वस्तीला लागूनच, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गोपाळराव मोहोळकर राहत. हायस्कुलात ते ड्रॉइंग शिकवत. माणूस अबोल, पण हातात कला. कुणाच्या मुंजीच्या पत्रिकेवर वेलबुट्टी काढून दे, कुणाच्या गणपतीचे डोळे रेखून दे, असं त्यांचं कायम चाललेलं असे. पत्नी दुर्गाबाई माहेरच्या बार्शीच्या. दोन मुलगे पाळण्यातच गेले, तिसरी शकुंतला तेवढी जगली, आणि मग नवराबायकोचा सगळा जीव त्या एका पोरीत जाऊन बसला.

तीच सगळ्यात लांब गेली. स्थळ चांगलं आलं होतं. मुलगा चिंतामणी, शिकलेला, निर्व्यसनी, आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला. एवढ्या लांब मुलगी द्यायची का, यावर घरात बरीच घालमेल झाली, पण शेवटी अठ्ठावीस साली लग्न झालं आणि महिन्याभरात शकुंतला निघाली. सोलापूर स्टेशनावर गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. दुर्गाबाई तो हात धरून फलाट संपेपर्यंत डब्याबरोबर चालत गेल्या.

तिसऱ्या दिवशी जेवताना गोपाळराव म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण तिच्याकडं जाऊ.

दुर्गाबाईंना वाटलं, आपलं मन राखायला म्हणताहेत. सुट्टीत मास्तर मंडळी फार तर तुळजापूरला जाऊन येत, नाहीतर भावाकडं आंबे खायला. सुट्टी घालवायला समुद्र ओलांडणारा मास्तर सोलापुरात कुणी ऐकला नव्हता. पण गोपाळराव बोलून थांबले नाहीत. कलेक्टर कचेरीत धोंडप्पा नावाचे कारकून होते, मूळचे वळसंगचे. त्यांचा मुलगा गोपाळरावांच्या हाताखाली शिकलेला. गोपाळराव त्यांना जाऊन भेटले आणि सगळी माहिती काढून आले. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो, पुढं मुदत वाढवून घेता येते. ज्या मुलखात जायचं त्याचं नाव आत लिहून घ्यावं लागतं, नाहीतर तिथं उतरू देत नाहीत. चौकशीला पोलीस घरी येईल, त्याला घाबरायचं नाही. आणि बायकोसाठी वेगळा पासपोर्ट काढायचं कारण नाही.

"मास्तरीणबाईंना वेगळा कशाला?" धोंडप्पा म्हणाले होते. "तुमच्यातच बसतंय की त्यांचं नाव. फोटो तेवढे दोगांचे चिकटवायचे, शेजारी शेजारी."

फोटो म्हटल्यावर दुर्गाबाई अंग चोरू लागल्या. तोवर दोघांपैकी कुणाचाच फोटो कधी निघाला नव्हता. शाळेचा एक ग्रुप फोटो होता, पण त्यात गोपाळराव सगळ्यात मागं उभे, आणि नेमक्या वेळी मान वळवल्यामुळं चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग आलेला. आता मात्र ते हट्टाला पेटले. नव्या पेठेतल्या फोटोवाल्याकडं दुर्गाबाईंना घेऊन गेले. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. काळ्या कापडाआडून फोटोवाला ‘हलू नका’ म्हणाला तेव्हा त्यांनी श्वासही रोखून धरला होता.

दोन-अडीच महिन्यांनी निळ्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक हातात आलं. गोपाळरावांनी दिव्याजवळ बसून ते पत्नीला वाचून दाखवलं. त्यांची उंची, डोळ्यांचा रंग, भुवईवरचा लहानपणीचा व्रण, सगळं सरकारनं लिहून ठेवलेलं होतं. माझं नाव कुठं आहे, असं दुर्गाबाईंनी विचारलं. गोपाळरावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मराठी करून सांगितलं, "गोपाळ मोहोळकर, आणि सोबत पत्नी." खालच्या पानावर दोघांचे फोटो होते. दुर्गाबाई स्वतःचा बघेनात. नवऱ्याचाच बघत राहिल्या. त्यात ते किंचित हसत होते. घरात असे हसणारे गोपाळराव बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हते.

पण जाणं काही होईना. तीस सालच्या उन्हाळ्यात सगळी तयारी झाली, आणि मे महिन्यात शहरात गोळीबार होऊन मार्शल लॉ लागला. घराबाहेर पडायची चोरी, तिथं बोटीचं नाव कोण काढणार? पुढच्या वर्षी सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. त्यांचं सगळं दुर्गाबाईंनी केलं. शकुंतला वडिलांना नाना म्हणे. तिची पत्रं यायची, कधी येताय, नानांना सांग इथं झाडाला लागलेले नारळ खिडकीतून हाताला येतात. गोपाळराव पत्र दोनदा वाचायचे आणि दर वेळी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत. बत्तीसच्या श्रावणात सासूबाई गेल्या. आता अडकवणारं काही उरलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात पत्र आलं की शकुंतलेला दिवस गेले आहेत. लग्नाला चार वर्षं उलटून गेल्यावरचं हे पहिलं. तिकडं ओळखीचं बाईमाणूस कुणी नाही, तुम्ही दोघं सुट्टीला या आणि आई बाळंतपणाला राहू दे, असं तिनं लिहिलं होतं. चिंतामणीनं बोटीची जागाही ठरवून टाकली. गोपाळरावांनी शाळेत सांगून ठेवलं. घरात बांधाबांध सुरू झाली.

मार्चमध्ये त्यांना ताप भरला. साधा वाटला, पण उतरेना. डॉक्टर म्हणाले विषमज्वर. एकवीस दिवस काढावे लागतील, पथ्य सांभाळा. दुर्गाबाईंनी पथ्य सांभाळलं. ग्लानीतून ते मधूनच डोळे उघडायचे आणि विचारायचे, पेटी बांधली का. त्या म्हणायच्या, बांधली. ते एकवीस दिवस काही पुरे झाले नाहीत.

दहावा-तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले आणि मागं राहिलेल्या लोकांत कुजबूज सुरू झाली की आता मोंबासाचं काय. वर्ष व्हायच्या आत विधवा बाईनं उंबरठा ओलांडायचा नसतो, हे सगळ्यांचंच म्हणणं. दुर्गाबाई कधी कुणाला उलटून बोलल्या नव्हत्या. गोपाळरावांचा पुतण्या बाळासो तेवढा त्यांच्या बाजूनं होता. मोठ्या जाऊबाईंनी तोंडावर विषय काढला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिचे वडील तर गेले. बाळंतपणात आईही नको का तिला?"

दुसऱ्या दिवशी बाळासो पासपोर्ट घेऊन धोंडप्पांकडं जाऊन आला. धोंडप्पांनी तारीख बघितली आणि सांगितलं की मुदत अजून वर्षभर हाय, बिनघोर जाऊ द्या. मोंबासालाच निघालेलं एक गुजराती कुटुंब बोटीवर सोबतीला मिळालं होतं. वैशाखाच्या उन्हात काकू-पुतणे मुंबईला गेले.

दुर्गाबाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी, गोदीत, बोटीच्या आणि गोदामाच्या फटीतून. नीट बघायलाही मिळाला नाही, कारण रांग पुढं सरकत होती. टेबलामागं बसलेल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, फोटोकडं बघितलं, मग दुर्गाबाईंच्या कपाळाकडं बघितलं. त्यानं बाळासोला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"काकू, ते म्हणतात, हा पासपोर्ट गोपाळ मोहोळकरांचा आहे. तुम्ही त्यांच्यासोबत जाऊ शकता. ते कुठं आहेत, असं विचारतात."

दुर्गाबाईंनी त्या अधिकाऱ्याकडं बघितलं. तो काही वाईट माणूस दिसत नव्हता. उलट त्याला उत्तर कळलेलं होतं आणि ते ऐकायला लागू नये असंच त्याला वाटत होतं. "ते नाहीत," त्या म्हणाल्या.

त्यानं उठून दुसऱ्या कुणाला तरी विचारलं, परत आला आणि मान हलवली. पुस्तकाला मुदत होती, पण ते ज्यांच्या नावाचं तेच नसल्यावर पत्नीला त्यावर एकटीनं जाता येत नव्हतं. माणसाबरोबर त्याचा पासपोर्टही संपतो, हा कायदा. त्यानं तो जप्त करायला हवा होता, पण तुमच्या गावच्या कचेरीत जमा करा म्हणून बाळासोच्या हातात परत दिला. बोटीवरनं उतरवून आणलेली ट्रंक घेऊन ते दोघं गोदीच्या फाटकाबाहेर आले, तेव्हा पाठीमागं भोंगा वाजला. दुर्गाबाई वळल्या नाहीत.

सोलापूरला आल्याचं कळताच धोंडप्पा स्वतः घरी आले. आत न येता दाराशीच उभे राहिले.

"मी तारीख बगितली, बाई," ते म्हणाले. "नाव बगायचं ऱ्हायलं. माझीच चूक झाली."

दुर्गाबाईंनी त्यांना पाणी दिलं. पुढं काय करायचं ते विचारलं. धोंडप्पांनी सांगितलं. आता पासपोर्ट त्यांच्या स्वतःच्या नावानं काढायचा, मोहोळकरांची विधवा म्हणून. मृत्यूचा दाखला जोडायचा. नवा फोटो लागेल. आणि जुना पासपोर्ट अर्जाबरोबर जमा करायचा. तो परत मिळतो का, असं दुर्गाबाईंनी विचारलं. धोंडप्पा म्हणाले, एकदा दिला की सरकारजमा, परत यील असं समजू नका.

दुसऱ्या दिवशी त्या फोटोवाल्याकडं गेल्या. स्वतःचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी चार वर्षांपूर्वीच्या त्या फोटोची काच आहे का विचारलं, म्हणजे अजून एक प्रत काढून घेता येईल. फोटोवाला ओशाळला. जुन्या काचा धुऊन तो तसबिरींना वापरायचा. त्या वर्षाच्या काचांमागं आता कुणाकुणाच्या घरचे देव बसलेले असतील, हे त्यानं सांगितलं नाही, पण भिंतीवर विकायला टांगलेल्या तसबिरींकडं त्याची नजर गेली आणि दुर्गाबाईंना ते समजलं.

पासपोर्टातल्यावरून फोटो घ्यावा तर त्यावर सरकारी शिक्का पडलेला, चेहरा नीट उतरणार नाही, असं फोटोवाला म्हणाला. त्या पासपोर्ट घेऊन घरी आल्या. त्यांच्याकडं नवऱ्याचं दुसरं काही चित्र नव्हतं. सगळ्या पेठेसाठी हात झिजवलेल्या माणसानं स्वतःचं कधी काढलंच नव्हतं. कात्रीनं तेवढा फोटो कापून घ्यावा, असं एकदा मनात आलं. पण पान फाडलेला पासपोर्ट कचेरीत चालायचा नाही आणि नवा अडेल, या भीतीनं हात धजेना. धोंडप्पांकडून एकदा निरोप आला, मग दुसऱ्यांदा. दुर्गाबाई म्हणायच्या, उद्या देते. स्वयंपाक झाला की त्या ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायच्या.

शेजारची गंगम्मा हे बघत होती. विणकराची बायको, घरात तेलुगू बोलायची, पण दुर्गाबाईंशी तिचं मराठीत सगळं चालायचं. एके दुपारी ती मागाच्या सुताच्या कांड्या भरायचं काम टाकून आली आणि जवळ बसली.

"आक्का, फोटो बोलतोय का तुमच्याशी?" ती म्हणाली. "लेक तितं वाट बगतीया."

त्या दिवशी संध्याकाळी दुर्गाबाईंनी बाळासोच्या हाती पासपोर्ट दिला. देण्याआधी उघडून बघितला नाही.

पुढं चौकशी, सह्या, मुंबईचा कागद, मुंबईहून उलट विचारणा. पावसाळा कोरडाच गेला. श्रावणात मोंबासाहून तार आली, मुलगा झाला, दोघं खुशाल. दुर्गाबाईंनी गंगम्माच्या घरी गूळ पाठवला. नवा पासपोर्ट आला तो नवरात्रात, त्यांच्या एकट्या नावाचा, आत एकटा फोटो, कपाळ मोकळं. त्यांनी ट्रंक पुन्हा भरली. डिंकाचे लाडू, अळीव, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी, चांदीचा वाळा. बोटीची तारीखही ठरली. आणि मग चिंतामणीचं पत्र आलं. बाळाला तिकडचा ताप आला होता. दोन दिवसांत सगळं आटोपलं होतं.

बाळासोनं पत्र वाचून खाली ठेवलं आणि विचारलं, आता जायचं का, काकू.

"आता तर जायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि ट्रंकेतली दुपटी काढून ठेवू लागल्या.

मोंबासाच्या धक्क्यावर चिंतामणी आणि शकुंतला दोघंही आले होते. पाच वर्षांत मुलगी अंगानं भरली होती आणि चेहऱ्यानं ओढली होती. दुर्गाबाईंना वाटलं होतं गळ्यात पडून रडेल. ती वाकून पाया पडली, आईच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि ट्रंक उचलणाऱ्या हमालाशी तिकडच्या भाषेत बोलू लागली.

घर चांगलं होतं. उकाडा सोलापूरसारखा कोरडा नव्हता, अंगाला चिकटणारा होता. दुर्गाबाई स्वयंपाक करत, मुलीच्या केसांना तेल लावत. शकुंतला लावून घ्यायची, पण बोलायची नाही. जावई कामाहून आला की दोघींच्या मधे बसून काहीबाही बोलत राहायचा. मुलीनं एकदाही विचारलं नाही की उशीर का झाला. दुर्गाबाई मात्र त्या उद्या-उद्याच्या दिवसांचा मनात हिशेब घालत. ते धरले नसते तरी बाळ जायच्या आत पोचता आलं असतं का, हे काही केल्या ठरेना.

एके दिवशी जेवणं झाल्यावर शकुंतला म्हणाली, "नानांचा फोटो आणलास ना? पासपोर्टातला. त्यांनी लिहिलं होतं, चांगला आलाय म्हणून."

दुर्गाबाईंनी तो कसा द्यावा लागला ते सांगितलं. शकुंतला ऐकत राहिली. मग उठून आतून कागद आणि पेन्सिल घेऊन आली. बापाचा हात तिच्यात थोडा उतरला होता. ती जमिनीवर बसून काढू लागली आणि आई सांगू लागली. कपाळ रुंद होतं. नाक इतकं सरळ नव्हतं, टोकाला जरा बसकं. ओठ पातळ. बराच वेळ दोघी त्या कागदावर वाकलेल्या होत्या. मग शकुंतलेनं विचारलं, भुवईवरचा व्रण कुठल्या बाजूला होता?

दुर्गाबाईंनी स्वतःचा हात उचलून समोरच्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा हवेत नेला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. त्यांना आठवेना. बत्तीस वर्षांचा संसार, आणि आठवेना.

शकुंतलेनं पेन्सिल खाली ठेवली. कागदावर एक कुणीतरी माणूस होता, पण तो गोपाळराव नव्हता.

"तू माझ्या बाळाला बघितलंसच नाहीस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. इतके दिवस अडवून धरलेलं ते तेवढंच होतं.

"नाही बघितलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "सांग मला. कसा होता?"

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. दुर्गाबाईंनी तिला जवळ घेतलं. रडता रडताच ती सांगू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. त्याचा रंग, त्याचं जावळ, दूध पिताना तो पाय कसा झाडायचा, तापात कसा बघत राहिला. दुर्गाबाई एकेक गोष्ट परत परत विचारत होत्या. त्यानंतर रोजच संध्याकाळी दोघी मागच्या पायरीवर बसत. कधी मुलगी बाळाचं सांगे, कधी आई नानांचं. अर्धवट राहिलेलं ते चित्र पुन्हा कुणी हातात घेतलं नाही.

पासपोर्टावरच्या शिक्क्यात राहायची मुदत लिहिलेली होती. चिंतामणी ती वाढवून घ्यायला तयार होता; दुर्गाबाईच नको म्हणाल्या. मास्तरांचं वर्षश्राद्ध सोलापुरात व्हायला हवं होतं. निघताना शकुंतला धक्क्यावर हात हलवत उभी होती. दुर्गाबाई डेकवरच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. इथं सोबत चालत जायला फलाट नव्हता.

सोलापूरला आल्या त्या दिवशी संध्याकाळी गंगम्मा आली. तिनं मुलीची विचारपूस केली, जावयाची केली, बोटीत त्रास झाला का विचारलं.

"नातू कसा हुता ओ, आक्का?"

दुर्गाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"सावळा होता," त्या म्हणाल्या. "डोक्यावर दाट जावळ. कान थोडे पुढं आलेले. दूध पिऊन झालं की एक मूठ गालाखाली घेऊन झोपायचा, आणि उचलायला गेलं की कपाळाला आठ्या घालायचा."

बाळ कधी गेलं आणि दुर्गाबाई कधी निघाल्या, हे गंगम्माला चांगलं ठाऊक होतं. मोंबासाचं पत्र आलं त्या दिवशी तीच त्यांच्याजवळ बसून होती. ती थोडी पुढं सरकली.

"आन् डोळे?" तिनं विचारलं.

दुर्गाबाई सांगू लागल्या.